खोऱ्यातून चालायची आणि सायकलची वाट काढायची आहे. आधी काय करू?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, पण आमच्या बैठकांना आता इतके फाटे फुटलेत की बाहेरच्यांचं मत घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

आमचं खोरं लांबट. मधून नदी, दोन्ही अंगांना टेकड्या, नदीच्या कडेकडेने चार वस्त्या. मी सहा वर्षांपूर्वी इथे राहायला आलो. चारही वस्त्यांना जोडणारा एकच डांबरी रस्ता आहे, अरुंद, वळणावळणांचा, आणि वाहनं मात्र सुसाट. शाळेची मुलं, म्हातारी माणसं, सायकलवाले सगळे त्याच्या कडेने अंग चोरून चालतात. ('बाय द वे'साठी इथे वापरतात तो रच्याकने, म्हणजे 'रस्त्याच्या कडेने', हा शब्द आम्ही शब्दशः जगतो.) म्हणून पंधरा-वीस जणांनी ठरवलं की रस्त्यापासून वेगळी, फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वाट काढायची. एकूण १४ किलोमीटर, बहुतेक नदीकाठाने. मधे साधारण ३ किलोमीटर एका जुन्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा भराव आहे. रूळ केव्हाच गेले, भराव उरलाय. तो वापरायचा विचार आहे.

नकाशा तयार आहे. निधी थोडा जमलाय, थोडा जमेल. एक गट म्हणतो काँक्रीट ओता, कटकट मिटेल. दुसरा म्हणतो मातीचीच ठेवा, निसर्ग वगैरे. रुंदीवर एकमत नाही. आणि वाट ३१ जणांच्या जमिनीतून जाते, त्यातल्या ९ जणांनी नाही म्हटलंय. त्या नऊपैकी चौघांनी तर दारही उघडलं नाही. माझी स्वतःची इच्छा अशी की सगळे १४ किलोमीटर एकदमच सुरू व्हावेत. तुकड्यातुकड्याने केलं की लोकांचा उत्साह विरतो. चुकतोय का?

चाकमोडी

अभिनंदन! दामटा घोडं.

३ मीटर रुंद, वर डांबर, विषय संपला. चालणारे आणि सायकलवाले एकत्र असतील अशा वाटेला अमेरिकेतल्या रस्तेबांधणीच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही १० फूट, म्हणजे ३ मीटर ही किमान रुंदी धरतात, दोन्ही कडांना आणखी ६० सेंमी मोकळी जागा सोडून. खडीवरून बारीक टायरची सायकल चालवणाऱ्याचं दुःख त्यालाच ठाऊक.

ओळंबा

धागाकर्ते, एकच प्रश्न. ही वाट तुम्ही भर पावसात चालून पाहिली आहे का? नकाशा कोरड्या दिवसांत काढला असेल तर तो अर्धाच झालाय.

साधा हिशेब करून बघा. ३ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब अशा तुकड्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर नुसत्या त्या पट्ट्यावर १५,००० लिटर पाणी पडतं. टेकडीवरून उतरणारं वेगळं. हे पाणी वाट नेमकी कुठे ओलांडणार ते आधी ठरलेलं असावं लागतं, मोरी कुठे, चर कुठे, नुसता उतार कुठे पुरेल. तुम्ही ठरवलं नाहीत तर पाणी आपली जागा स्वतः करून घेतं, आणि ती जागा दरवर्षी तीच असते. म्हणूनच पावसात चालायचं. हातात खुंट्यांची पिशवी घ्या, पाणी वाहताना दिसेल तिथे एक खुंटी ठोका.

नदीकाठची सपाटी बघून भुलू नका. मीही एके काळी भुलले होते. सपाट जागेत पाण्याला जायला उतारच नसतो. ते वाटेवर उभं राहतं, चिखल होतो, चिखल टाळायला माणसं कडेने चालतात, मग तिथेही चिखल. दोन पावसाळ्यांत एका वाटेच्या तीन होतात. त्यापेक्षा टेकडीच्या पायथ्याशी, थोड्या उतारावर कोरून काढलेली वाट कितीतरी जास्त टिकते.

डोंगरात सायकलवाटा बांधणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, इम्बा या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो रूढ केला. वाटेचा चढ हा, ती ज्या टेकडीवरून जाते तिच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवायचा नाही. टेकडीचा उतार १६ टक्के असेल तर वाट फार तर ८ टक्के. त्याहून चढी केलीत की पाणी वाट ओलांडायचं सोडून वाटेनेच पळायला लागतं, आणि वाटेचा ओघळ होतो. पूर्ण वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आत ठेवा. तुमच्या वाटेवर सगळ्या वयाची माणसं येणार, तेव्हा तुम्ही ५ च्या आसपास राहा.

शिवाय वाट दरीच्या अंगाला किंचित कलती हवी, म्हणजे पाणी पातळ पसरून आडवं निघून जातं. डोंगरवाटांना ५ टक्के कल सांगतात. पण ३ मीटर रुंदीला ते १५ सेंमी होतात, आणि बाबागाडी ढकलणाऱ्याला गाडी सारखी खाली ओढल्यासारखी वाटते. पक्क्या वाटेला २ टक्के, म्हणजे ६ सेंमी पुरे. आणि लांबच लांब एकसारखी उतरण कुठेच नको. मधे मधे वाट जराशी वर उचलायची, म्हणजे त्या आधीच्या खोलगटातून पाणी बाहेर पडतं.

उतार मोजायला मोठं यंत्र लागत नाही. इंग्रजी A सारखा तीन काठ्यांचा ए-फ्रेम आणि मधे ओळंबा. समतल चर खणलेल्या कुणालाही विचारा.

चाकमोडी

ओळंबा साहेब, १६ टक्के, ८ टक्के, ५ टक्के... गरगरलं. पण मुद्दा कळला.

ओळंबा

साहेब नव्हे, ताई म्हणा. आणि टक्के सोपे आहेत हो. १०० मीटर आडवं गेल्यावर किती मीटर वर चढलात, तेवढे टक्के.

खडीसम्राट

ताईंशी शब्दशः सहमत. पृष्ठभागाचं मी सांगतो, आयडी बघून अंदाज आलाच असेल.

काँक्रीटला नावं ठेवत नाही. पण पुराच्या काठी काँक्रीटखालची माती पाणी पोखरून नेतं. वरून सगळं शाबूत दिसतं आणि एके दिवशी लादी मधोमध मोडते. मग दुरुस्तीला यंत्र आणा, ठेकेदार आणा. खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) दाबून केलेली वाट पुरात धुऊन जाते हे मान्य, पण तेवढा तुकडा दहा माणसं आणि एक छोटा रोलर परत उभा करू शकतात. माझं मत असं की बहुतेक लांबी कचेची करा. जिथे पाणी दरवर्षी वाटेवरून जाणारच आहे तेवढीच जागा काँक्रीटची फरशी, आणि तिला खुशाल पाण्याखाली जाऊ द्या. मात्र फरशीच्या दोन्ही कडा जमिनीत खोल उतरवा, नाहीतर पाणी खालून शिरून ती उपटतं.

कच घेताना फसवणूक होते ती इथे. नदीतली गोल गोटी आणि वाळू स्वस्तात मिळते म्हणून घेतात. गोल दाणे एकमेकांत अडकत नाहीत, चाक रुततं, चालताना पाय घसरतो. खाणीत फोडलेली, धारदार कोपऱ्यांची खडीच हवी, आणि तिच्यात अगदी बारीक भुकटीपर्यंत सगळ्या आकाराचा माल हवा. ती भुकटी म्हणजेच गोंद. चाळून 'स्वच्छ' केलेली खडी दिसायला छान असते पण आयुष्यात बसत नाही. आणि दाबताना ओली करून दाबायची. कोरडीच दाबली तर महिन्याभरात उधळते.

आता आकडे. ३ मीटर रुंद, १ किलोमीटर लांब, १५ सेंमी जाड, म्हणजे दाबून ४५० घनमीटर. सैल माल ५५० च्या आसपास मागवावा लागेल. एका डंपरात १० घनमीटर धरले तर एका किलोमीटरला ५५ खेपा. १४ किलोमीटरला ७७०. हे डंपर येणार कुठून? तुमच्याच वाटेवरून, नाहीतर कुणाच्या तरी शेतातून. एका गटाने जवळच्या टोकापासून वाट पुरी करत नेली होती. तयार वाटेवरून भरलेले डंपर पुढे जात राहिले आणि शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचा चुराडा. खालचा जाड थर जवळून लांब न्यायचा, वरचा बारीक थर लांबून जवळ आणायचा. हे कुणी सांगत नाही, प्रत्येक जण आपापले पैसे घालवून शिकतो.

बांधावरून

दगड झाले, कच झाली, टक्के झाले. ज्याच्या जमिनीतून वाट जाणार त्याच्याबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलं नाही. धाग्यात तो '३१ पैकी ९' एवढाच आहे.

मला त्या नऊतला एक समजा.

बारा वर्षांपूर्वी एका मंडळाने माझ्याकडून तोंडी परवानगी घेतली होती. वाट झाली, फीत कापली, फोटो निघाले. पहिलं वर्ष बरं गेलं. मग कुणीतरी फाटक उघडं टाकलं, जनावरं थेट रस्त्यावर. चुकून होतं, सोडून दिलं. फवारणीच्या दिवशी 'आज वाट बंद' अशी पाटी लावली, तर ती उपटून फेकली आणि वर मलाच ऐकवलं की वाट सार्वजनिक आहे. लोकांची कुत्री मोकळी, माझी शेळी बुजून कुंपणात अडकली. शेवटी त्यांनी घातलेली मोरी गाळाने बुजली आणि पाणी शेतात शिरलं. उभं पीक आठ दिवस पाण्यात. फोन केला तर मंडळच राहिलं नव्हतं. जो तो म्हणे मी आता त्यात नाही. वाट गवताखाली गेली. मोरी अजून तिथेच आहे.

आणि भीती कसली असते तेही सांगतो. आज प्रेमाने दिलं, उद्या वहिवाट लागली, परवा नातवाला स्वतःच्या शेतात कुंपण घालता यायचं नाही. वाटेवर कुणी पडून पाय मोडला तर दावा कुणावर? दार न उघडणाऱ्या चौघांना उद्धट समजू नका. त्यांनी एकदा उघडून पाहिलेलं असतं.

जाता जाता, भरावाच्या खालच्या अंगाला पाणी महिना महिना उभं राहतं. तिथून नेऊ नका.

पाऊलवाट

काका, खरं सांगतो, वाचून ओशाळलो. आम्ही सगळ्यांकडे गेलो ते नकाशा घेऊन गेलो. 'तुम्हाला काय अडचण होईल' असं एकालाही विचारलं नाही. 'सही कुठे करायची' एवढंच दाखवलं.

चाकमोडी

भावना समजतात, पण नऊ जणांसाठी चार वस्त्यांनी जीव मुठीत धरून चालायचं? सरळ भूसंपादन करा. दोन्ही कडा धरून ५ मीटरचा पट्टा म्हटला तरी किलोमीटरला अर्धा हेक्टर. १४ किलोमीटरला सगळे मिळून ७ हेक्टर. तेवढ्याने कुणी रस्त्यावर येत नाही.

बांधावरून

सात हेक्टर कागदावर. शेतात ती रेघ असते. ती आडवी गेली की अलीकडे ट्रॅक्टर आणि पलीकडे विहीर. तुमच्या बैठकीच्या खोलीतून मधोमध एक मीटरचा पट्टा द्या बघू. बाकीची खोली तुमचीच.

चाकमोडी

हे बाकी लागलं. शब्द मागे.

वाट_चुकलेला

काकांची वहिवाटीची भीती हवेतली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८० च्या हायवेज अॅक्टप्रमाणे लोक एखादी वाट २० वर्षं अखंड, हक्काची असल्यासारखी वापरत राहिले तर मालकाने ती लोकांना देऊन टाकली असं धरलं जातं, मालकाने तसा इरादा नसल्याचं दाखवून दिलेलं नसेल तर. म्हणून तिकडे 'ही वाट मालकाच्या परवानगीने खुली आहे' अशा पाट्या दिसतात. काही मालक वर्षातला एक दिवस फाटकाला कुलूप लावतात. कुणावर राग नसतो, त्या कुलपाने हक्क तुटतो. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, तेव्हा तुमच्याकडचं वकिलाकडून समजून घ्या. पण 'परवानगी' आणि 'हक्क' हे दोन वेगळे कागद आहेत हे मालकाला पहिल्या भेटीतच सांगितलंत तर अर्धं दार उघडतं.

आयर्लंडचं उदाहरण तुमच्या अगदी जवळचं आहे. मेयो काउंटीत वेस्टपोर्टहून अकिलला जाणारी रेल्वे १९३७ मध्ये बंद झाली आणि तिच्या पट्ट्याची जमीन आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे गेली. आज त्याच मार्गावर ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे म्हणून साधारण ४२ किलोमीटरची वाट आहे. जमीन शेतकऱ्यांचीच राहिली, त्यांनी ये-जा करायला परवानगी दिली. हे साधायला एकेका घरी किती वेळा जावं लागलं असेल याचा विचार करा.

आणि 'सगळे १४ एकदम' याबद्दल. त्याच ग्रीनवेचा न्यूपोर्ट ते मुलरॅनी एवढाच तुकडा २०१० मध्ये आधी उघडला, बाकीचे नंतर. इंग्लंडमधली ब्रिस्टल ते बाथ ही २१ किलोमीटरची वाट १९७९ ते १९८६ अशी सात वर्षं तुकड्यातुकड्याने झाली, त्यात स्वयंसेवकांचे हात लागले. त्याच मंडळींनी पुढे सस्ट्रान्स नावाने ब्रिटनभर सायकलवाटांचं जाळं विणलं. न्यूझीलंडमध्ये ओटागो सेंट्रलचा रेल्वेमार्ग १९९० मध्ये बंद झाला आणि त्यावरची दीडशे किलोमीटरची वाट पूर्ण उघडायला २००० साल उजाडलं. उत्साह विरतो म्हणता, पण पहिला तुकडा चालू झाला की नाही म्हणणारे स्वतः येऊन बघतात. कागदावरच्या १४ किलोमीटरना बघायला कोण येणार?

देखभालीसाठी अमेरिकेतल्या अॅपलाचियन ट्रेल या लांब पायवाटेकडे बघा. बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती वाट सलग झाली. साडेतीन हजार किलोमीटरची वाट आजही स्थानिक क्लबांत वाटून दिलेली आहे. प्रत्येकाचा तुकडा ठरलेला, त्यामुळे झाड पडलं की कुणाचं काम यावर वाद नाही. काकांकडच्या मोरीला असा मालक नव्हता.

दुपारची_सावली

माझा मुद्दा छोटा आहे, पण बहुतेक ठिकाणी उद्घाटनानंतर आठवतो.

मी चाकाच्या खुर्चीत असते. गेल्या दोन वर्षांत तीन 'सर्वांसाठी खुल्या' वाटांवर गेले आणि तिन्हींच्या तोंडाशी मोटरसायकली अडवायला नागमोडी लोखंडी अडथळा होता. मोटरसायकलवाले कडेच्या गवतातून वळसा घालून आत जातात. मी, जोडबाळांची गाडी ढकलणारे आणि सामानाची लांब सायकलवाले मात्र बाहेर. खांब लावायचाच असेल तर मधे दीड मीटर मोकळी जागा ठेवा, आणि खांबावर रात्री चमकणारी पट्टी लावा.

चढाचं ताईंनी सांगितलंच. १ ला २०, म्हणजे ५ टक्के चढ मी कितीही लांब चढू शकते. १ ला १२ असेल तर अमेरिकेतल्या वाटांचे नियम तो सलग ६० मीटरच चालवून घेतात, मग विसाव्याला सपाट जागा मागतात. ते साठ मीटर म्हणजे काय ते माझ्या खांद्यांना विचारा. विसाव्याच्या जागी बाक ठेवलात तर बाकाशेजारी एक खुर्ची मावेल इतकी कठीण जमीन ठेवा. सगळे बाक खडीच्या मधोमध एकटेच उभे असतात.

आणखी एक, हे बायकांना विचारल्याशिवाय कळणार नाही. दोन्ही बाजूंना उंच झुडपं आणि मधे दोनशे मीटर कुठूनच बाहेर पडायची सोय नाही, अशी वाट संध्याकाळी निम्मं गाव वापरत नाही. दिवे नसले तरी चालतील, पण वळणापलीकडचं दिसायला हवं.

खडीसम्राट

+१. वळणाचं तर सायकलवाल्यांसाठीही खरं. उतारावर सायकल जोरात येते आणि चालणाऱ्याला तिची चाहूल लागत नाही. उताराच्या तळाशी आंधळं वळण कधीच ठेवू नका. ठेवावंच लागलं तर त्याआधी वाट थोडी वर चढवा, वेग आपोआप मरतो. पाट्या कुणी वाचत नाही.

भरावाबद्दल राहिलं. रेल्वेचा भराव म्हणजे घबाड, कारण रेल्वेला चढ सोसत नाही, उतार फार तर २-३ टक्के. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली एलरॉय-स्पार्टा ही १९६७ ची वाट अशाच मार्गावर आहे, तीन बोगद्यांतून जाते, वर चुनखडीची दाबलेली कच. पण दोन गोष्टी तपासा. पहिलं, भरावाच्या पोटातल्या जुन्या मोऱ्या. त्या बुजल्या असतील तर भराव म्हणजे धरणच, एका अंगाला पाणी तुंबलेलं असणार. (काका म्हणतात ते पाणी बहुधा यातलंच.) दुसरं, जुन्या मार्गांवर तण मारायला आर्सेनिकयुक्त औषधं मारलेली असतात आणि लाकडी स्लीपरांना कुजू नयेत म्हणून क्रिओसोट हे विषारी तेल लावलेलं असतं. माती तपासून घ्या, तोवर उकरून इकडेतिकडे पसरू नका.

अवांतर: धागाकर्ते गायब झाले का?

पाऊलवाट (पाच महिन्यांनी)

गायब नव्हतो, पावसात होतो.

तीन वेळा चाललो. पहिल्यांदा आठ जण होतो, तिसऱ्यांदा चौघे उरलो, पण काम झालं. आमच्या नकाशात ७ मोऱ्या होत्या, खुंट्या लागल्या २२. नदीकाठचा जो तुकडा सगळ्यांत सुंदर म्हणून आम्ही छापील पत्रकावर टाकला होता, तिथे ४०० मीटर गुडघाभर पाणी. त्याच दिवशी तो मार्ग रद्द केला आणि पायथ्याने वर उचलला. ए-फ्रेम शाळेतल्या मुलांनी बनवला, आमच्यापेक्षा नीट वापरतात. मुळात त्यामुळे मालकांची यादीही बदलली, ३१ चे २६ झाले, काही जुने सुटले, काही नवे आले.

भरावाच्या खाली एक गाळाने बुजलेली जुनी मोरी सापडली. कुणी घातली, कधी घातली, कुणालाच माहीत नाही. भरावापेक्षा अलीकडची वाटते. दोन रविवार लावून उपसली. पलीकडचं तळं चार दिवसांत उतरलं.

जमिनीचं असं केलं की या वेळी नकाशा घरी ठेवला. एकेका घरी नुसतं जाऊन बसलो आणि अडचणी लिहून घेतल्या. मग करारात त्याच उतरवल्या. परवानगी दहा वर्षांची, हक्क नाही, तशी पाटी दोन्ही टोकांना. मालकाला वाटेल तेव्हा सहा महिन्यांच्या सूचनेवर वाट काढून घ्यायची, काढायचा खर्च आमचा, त्यासाठी वेगळी रक्कम आधीच बाजूला ठेवलीय. फवारणी आणि कापणीचे दिवस मालक सांगेल तेव्हा बंद. विमा आमच्या नावाने. फाटकं आपोआप मिटणारी, वजनाची, आणि खुर्ची जाईल इतकी रुंद. दोन फोन नंबर, आणि ते ज्यांचे आहेत त्यांनी गाव सोडलं तर नवीन माणूस नेमेपर्यंत वाट बंद. ही शेवटची अट काकांची गोष्ट वाचून घातली, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त सह्या तिच्यामुळे झाल्या.

पाच जण अजून नाहीच म्हणतात. ठीक आहे. १४ चा हट्ट सोडला. शाळेपासून दुसऱ्या वस्तीपर्यंत २.८ किलोमीटर आधी, त्यात भरावाचा निम्मा भाग. रुंदी ३ मीटर, एका खडकाच्या कोपऱ्यावर २ मीटर, तिथे दोन्हीकडचं लांबून दिसतं. मातीचा अहवाल आला, भरावाचा एक छोटा भाग सोडून ठीक. तो भाग न उकरता वरून जाड थराने झाकतोय.

चाकमोडी

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). फीत कधी कापताय? येतो.

पाऊलवाट

फीत नाही. कच दाबायला पाणी मारणारे हात हवेत. या.

बांधावरून

मोरी उपसलीत ते बरं केलंत.

पाऊलवाट (पुढच्या पावसाळ्यात)

२.८ किलोमीटर सुरू होऊन सात आठवडे झाले. मुलं रस्त्याने जायची बंद झालीत, एवढंच सांगतो, बाकी कौतुक नंतर.

परवाच्या मोठ्या पावसात सगळ्या मोऱ्या चालल्या, भरावाला धक्का नाही. पण ९०० मीटरच्या खुणेजवळ वाटेवर पाणी साचलंय आणि कचेला बोटभर रुंद चरे पडलेत. तिथे उतारही आहे, कलही आहे, मी स्वतः पाणसळ लावून पाहिला. काल बुजवलं, आज परत तेच. फोटो टाकतोय. ताई, बघता का?

ओळंबा

बघितला. तुमच्या वाटेचा दोष दिसत नाही. फोटोत वरच्या अंगाचं गवत वाटेकडे आडवं झोपलंय आणि त्यात पिवळी माती आलीय. वाटेवरची कच तर राखाडी आहे. म्हणजे हे पाणी वाटेवरचं नाही, वरून एकाच धारेत येतंय, आणि नव्याने यायला लागलंय. तिथे कितीही कच टाकलीत तरी जाणार. वर चढून बघा, कुठेतरी कुणीतरी नवीन चर खणलाय.

पाऊलवाट

आत्ता निघतो.

बांधावरून

चढू नका, वर पेरणी झालीय, तुडवाल. बांध फुटेल म्हणून सोमवारी चर पाडला, त्याचं तोंड खाली तुमच्याकडे सुटलं. उद्या सकाळी ओढ्याकडे वळवून देतो. एक पहार घेऊन कुणाला तरी पाठवा, खडक लागलाय.

पाऊलवाट

काका!! म्हणजे तुम्ही इथलेच?

बांधावरून

पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. नीट वाचत चला.